पाकिटावरची वाडी

यंदाच्या मसाल्याला चव नाही, असं कौसल्याबाई गमऱ्यांना त्यांच्या सख्ख्या नणंदेनं फोनवर सांगितलं, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

नणंद ललिता अंबरनाथला राहते. बोलायला फटकळ, पण भावजयीच्या मसाल्यावर तिचा जीव. "वयनी, राग मानू नको," ती म्हणाली, "जाळ नुसता आहे. तिखट लागतं आणि मागे काय उरतच नाय. गुणाजीनं मशीन बदललंन की काय?"

"तुला कधी पाठवला मी मसाला?"

"अगो, मी मागवला ना ऑनलाइन! म्हटलं दर वेळी फुकट कशाला घ्यायचा, तुझी पण एक ऑर्डर वाढेल. तुझ्याच पेजवरून मागवला. ती म्हातारी आहे बघ, नथवाली."

कौसल्याबाईंनी प्रितीला हाक मारली. प्रिती त्यांची मुलगी, परळच्या एका जाहिरातीच्या ऑफिसात कामाला, आणि घरच्या धंद्याचं पेजही तीच सांभाळायची. तिनं ऑर्डरी पाहिल्या. त्यात अंबरनाथची एकही नव्हती. मग तिनं मोबाइलवर 'लालबाग मसाला' शोधून आईच्या हातात दिला. पेजामागून पेज येत गेलं. पितळेच्या वाटीत लाल भुकटीचा डोंगर, बाजूला पसरलेल्या चार मिरच्या, आणि नथ घातलेली, जात्याशी बसलेली एक आजी, जी कुणाचीच आजी नव्हती. प्रितीनं ती एका फोटोंच्या साइटवरून घेतली होती. इतरांनीही तिथूनच घेतली होती. कौसल्याबाईंनी चष्मा वर-खाली करून पाहिलं, पण यातलं आपलं पेज कुठलं ते त्यांनाही चटकन सांगता येईना.

"म्हणजे माझी नणंद माझं दुकान चुकली," त्या म्हणाल्या.

"सगळ्यांचंच असं असतं, आई. कॅटेगरीच तशी आहे," प्रिती म्हणाली.

कौसल्याबाईंची नोकरी परळच्या एका रुग्णालयात, कपडेखात्यात झाली. चादरी, गाऊन, पडदे धुऊन आले की तपासून घ्यायचे, वॉर्डावार लावून द्यायचे. निवृत्त झाल्यावर काय करायचं हा प्रश्न त्यांनी फार काळ ठेवला नाही. घरात सासूबाईंचा मसाला व्हायचा. तो रुग्णालयातल्या परिचारिका, शेजारीपाजारी आधीपासून मागून न्यायचे. त्यांनी अन्नपदार्थांचा परवाना काढला, पाकिटं आणली आणि कामाला लागल्या. यजमान दौलतराव बेस्टच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पाकिटावर लेबल सरळ लावणं हे काम त्यांनी आपणहून घेतलं. लेबल किंचित तिरपं लागलं तरी ते सोलून पुन्हा लावत.

जुनी चाळ पाडून झालेल्या नव्या इमारतीत त्यांना बाराव्या मजल्यावर घर मिळालं होतं. तिथे मिरची भाजायची सोय नाही. एकदा भाजली तर वरखालचे तीन मजले शिंकत दाराशी आले. तेव्हापासून भाजण्यापासून दळण्यापर्यंत सगळं लालबागमध्ये गुणाजीच्या गिरणीत होई. गुणाजीचे वडीलही तिथेच मसाला कुटून देत. त्या बाजारात एक जुना रिवाज आहे. आपला मसाला दळून होईपर्यंत माणसानं मशीनसमोरच्या स्टुलावर बसून राहायचं. पदर नाकाला लावायचा, डोळे पुसायचे, पण उठायचं नाही. आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला मशीनमध्ये राहिलेला असतो. तो निघून जावा म्हणून पहिल्यांदा मूठभर साध्या मिरच्या फिरवून बाजूला काढायच्या, मग आपला माल घालायचा. कौसल्याबाई हे न चुकता करत. गुणाजी हसायचा. "ताई, ऑनलाइनवाल्यांत बसणाऱ्या तुम्ही एकट्याच. बाकीचे फोन करतात, तयार मसाल्याचं पोतं भरून नेतात. पोतं एकच, पाकिटावर नावं दहा."

ललिताच्या फोननंतर कौसल्याबाईंनी प्रितीला हे सांगितलं आणि विचारलं, "आपण बसतो, ते बसत नाहीत. हे लोकांना कसं कळणार?"

"नाही कळणार. पाकिटात बसणं दिसत नाही. वेगळं दिसायचं तर गोष्ट लागते, आई. लोक मसाला नाही घेत, गोष्ट घेतात."

गोष्ट पेजवर आधीच होती. प्रितीनंच लिहिली होती: 'अस्सल मालवणी मसाला, आजीच्या हातची चव.' मालवणी हे नाव खपतं, म्हणून घातलेलं. सीकेपी मसाला, आगरी मसाला, कोळी मसाला, मराठा मसाला अशी नावं पेजापेजांवर होती, त्यात हे एक. कौसल्याबाईंचं सासर मात्र मालवणपासून लांब, रत्नागिरी जिल्ह्याच्या पार उत्तरेला, मंडणगड तालुक्यात. पहिल्या वेळी त्यांनी हे बोलूनही दाखवलं होतं. "कोकण ते कोकण, आई. मुंबईत कोण नकाशा घेऊन जेवतं?" असं प्रिती तेव्हा म्हणाली, आणि विषय तिथेच राहिला होता.

तो उकरला गिरगावच्या नलू तुळसकरांनी. त्यांनी एक पाकीट मागवलं आणि आठवड्याभरात पेजवर शेरा लिहिला, तोही एकच तारा देऊन. 'मसाल्यात भेसळ आहे. कसलंसं पीठ घातलं आहे. ग्लासभर पाण्यात चमचा टाकून बघा, तळाला बसतं. कोणी घेऊ नये.'

खाली ग्लासाचा फोटो. तळाशी खरंच बोटभर साका दिसत होता.

प्रितीचा चेहरा उतरला. शेऱ्याखाली लगेच लोक जमले. कुणी 'थँक्स ताई, वाचलो' लिहिलं, कुणी 'लालबागच्या नावावर हेच चालतं' लिहिलं. त्या दिवशी आलेल्या दोन ऑर्डरी संध्याकाळपर्यंत रद्द झाल्या. "मी लिहिते, हंड्रेड पर्सेंट नॅचरल, लॅब टेस्टेड," प्रिती म्हणाली. "आणि त्या बाईला रिफंड देऊन शेरा काढायला लावते."

"थांब," कौसल्याबाई म्हणाल्या. "ते पीठच आहे."

"म्हणजे?"

"कुळीथ आहेत, भाजलेले. तुझ्या आजीच्या मसाल्यात असतातच. तुला माहीत नाही?"

प्रितीला माहीत नव्हतं. ती जन्मापासून तो मसाला खात आली होती, पण गिरणीत बसायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. मालवणी मसाल्यात कुळीथ नसतात, त्यामुळे मालवणी म्हणून विकला तर नलू तुळसकरांचं म्हणणं चूक ठरत नव्हतं. कौसल्याबाईंनी रुग्णालयात जन्मभर डागी चादर स्वच्छ चादरीत जाऊ दिली नव्हती. भेसळ हा शब्द त्यांना झोंबला. एखादी ऑर्डर गेली तर दुसरी येते, पण हा शब्द आपल्या नावाला चिकटला की धंदा बंद केला तरी सुटणार नाही, एवढं त्यांना समजत होतं.

त्यांनी पार्सलवरचा नंबर काढून फोन लावला.

"मी मसालेवाली गमरे बोलते, लालबागहून. तुमच्या त्या शेऱ्याबद्दल—"

"शेरा मी काढणार नाय," पलीकडून खणखणीत आवाज आला. "पैसे परत नकोत. वेंगुर्ल्याची आहे मी. माका मालवणी शिकवू नको."

"शिकवत नाही. फक्त सांगायचं होतं—"

"फोनवर मसालो दिसत नाय. सांगायचं तर इकडे ये."

दुसऱ्या दिवशी कौसल्याबाई बसने गिरगावला गेल्या. दौलतराव सोबत येतो म्हणत होते. "दोघं गेलो तर भांडायला आलो असं वाटेल," म्हणून त्यांनी त्यांना घरी ठेवलं. नलू तुळसकर एका जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत. वय पंचाहत्तरीच्या पुढचं, अंगानं बारीक, दारात उभ्या राहूनच उलटतपासणी घेण्याची सवय.

"तूच काय गो ती? फोटोतली नथवाली कुठे गेली?"

"ती आमची कोणी नाही, ताई. फोटो विकतचा आहे."

"बघ. पहिलंच खोटं. बस."

कौसल्याबाई बसल्या. पिशवीतून त्यांनी एका पुडीत भाजलेले अख्खे कुळीथ आणि दुसऱ्या पुडीत मसाला काढून पुढे ठेवला. "ते पीठ म्हणजे हे. भेसळ नाही, ताई. आमच्यात घालतात."

नलूताईंनी एक कुळीथ दाताखाली फोडला. "मालवणी मसाल्यात कुळीथ? कोणी सांगितलं तुला?"

"मालवणी नाहीच तो."

"मग पाकिटावर कशाला लिवलंस?"

"सगळे लिहितात म्हणून."

"आणि मग कोणाचा तो?"

सासरच्या गावाचं नाव सांगून भागलं असतं. पण आत्ताच एक खोटं उघडं पडलं होतं, आणि अर्धं सांगण्यासाठी गिरगावपर्यंत येण्यात काही अर्थ नव्हता. "मंडणगडकडचा. आमच्या बौद्धवाडीतला. माझ्या सासूबाईंचा."

नलूताई उठल्या आणि आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. कौसल्याबाईंचं वय झालं होतं, मुंबईत जन्म गेला होता, असल्या गोष्टी मोजायच्या त्यांनी केव्हाच सोडून दिल्या होत्या. तरी नजर आतल्या दाराकडे गेलीच. आतून आता काय येतं, कशातून येतं, की काहीच येत नाही?

नलूताई एक ग्लास घेऊन आल्या. त्यात पाणी होतं, आणि तळाशी लाल साका. फोटोतलाच ग्लास. त्यांनी तो जपून ठेवला होता. त्यांनी बोटानं तळाचा साका घेतला, चाखला, मग कुळीथ चाखला, पुन्हा साका.

"कुळीथच," त्यांनी कबूल केलं. "पण का घालतात? चव तर खोबऱ्याने येते."

"खोबरं नसेल तेव्हा रस्सा दाट व्हायला."

"कोकणात खोबरं नसेल तेव्हा? वेडी का काय? दारात माड असतो माणसाच्या."

"माड वाडीवर नव्हते, ताई," कौसल्याबाई म्हणाल्या. "ते खाली, बागायतीत. आमच्या सासूबाई तिथे पाणी लावायला जायच्या."

नलूताईंनी ग्लास खिडकीत ठेवला. मग त्या आत जाऊन चहा ठेवून आल्या आणि चहा होईपर्यंत सुकटीचं कालवण या मसाल्यात कसं करतात, चिंच घालायची की कोकम, कांदा आधी की सुकट आधी, असे प्रश्न विचारत राहिल्या. चहा दोघींनी एकाच जोडीतल्या कपांतून घेतला. निघताना कौसल्याबाईंनी शेऱ्याचा विषय काढला नाही. नलूताईंनीच काढला.

"भेसळ हा शब्द मी मागे घेते. पण तारा एकच राहणार."

"का हो?"

"मसालो बरो असा. पाकीट खोटं बोलतं."

संध्याकाळी शेरा बदललेला दिसला: 'भेसळ नाही, कुळीथ आहेत. खात्री केली. पण हा मसाला मालवणी नव्हे. ज्याचा आहे त्याचं नाव घाला.' तारा एकच होता.

"ही बाई आपली मार्केटिंग हेड व्हायला पाहिजे," प्रिती म्हणाली. पण हसून झाल्यावर ती गंभीर झाली. "आई, यात खरंच पॉइंट आहे. कुळीथ कोणाकडेच नाहीत. 'कुळथाचा मसाला' असं नाव देऊया. खाली मंडणगड. एकदम वेगळं."

"आणि बौद्धवाडी," कौसल्याबाई म्हणाल्या.

दौलतराव लेबलं कापत होते. त्यांची कात्री थांबली. "वाडी कशाला? गाव लिही, तालुका लिही. पुरे झालं."

"का?"

"उगाच कशाला?"

"आगरी लिहितात, सीकेपी लिहितात, मराठा लिहितात. त्यांना कोणी उगाच म्हणतं?"

"त्यांचं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे ते सांगा ना. चौदा एप्रिलला खाली विहारात माईकवर तासभर बोलता तुम्ही. आपला इतिहास आपणच सांगितला पाहिजे म्हणता."

"माईकवर बोलणं वेगळं, कौसल्या. ऐकणारे सगळे आपलेच असतात. पाकीट लोकांच्या स्वयंपाकघरात जातं."

"म्हणून तर म्हणते."

प्रिती दोघांकडे बघत होती. ऑफिसात तिचं आडनाव ऐकून कुणी काही म्हणत नसे. फक्त अधूनमधून कुणी, "गमरे म्हणजे कुठले तुम्ही?" एवढंच विचारी, आणि ती "रत्नागिरी" म्हणून विषय बदली. "आई," ती म्हणाली, "ऑर्डरी कमी होतील. मी तुला खोटं नाही सांगणार. कोणी तोंडावर बोलणार नाही. फक्त पुन्हा मागवणार नाहीत."

"होऊ देत कमी. मला पेन्शन आहे. नणंद दुकान चुकली, गिऱ्हाइकानं भेसळवाली म्हटलं, दोन्ही त्या नथवालीमुळे. वाडीमुळे तर अजून काहीच झालेलं नाही."

दौलतरावांनी पुढचे दोन दिवस जुनीच लेबलं कापली. तिसऱ्या दिवशी त्यांनी छपाईवाल्याकडून आलेला नमुना दिव्याखाली धरला. 'कुळथाचा मसाला. भागीरथी गमरे यांच्या घरचा. बौद्धवाडी, ता. मंडणगड.' भागीरथी म्हणजे त्यांची आई. ते बराच वेळ बघत राहिले. "अक्षर बारीक आहे," शेवटी म्हणाले. "वाडी ठळक करायला सांग. लिहायचंच तर वाचता तरी आलं पाहिजे."

पेजवरची आजी काढून टाकली. तिच्या जागी प्रितीनं गुणाजीच्या गिरणीत जाऊन काढलेला फोटो लावला: स्टुलावर कौसल्याबाई, नाकाला पदर, डोळ्यांतून पाणी, मागे मशीन आणि कोपऱ्यात अर्धा गुणाजी. खाली एकच ओळ: 'दळून होईपर्यंत आम्ही उठत नाही.'

प्रिती म्हणाली होती तसंच झालं. इमारतीतली दोन घरं हक्कानं मसाला न्यायची, ती न्यायची थांबली. एक बाई लिफ्टमध्ये भेटल्यावर, "आता आम्ही मसाला फार खातच नाही हो, ॲसिडिटी होते," म्हणाल्या, आणि त्यांच्या हातातल्या पिशवीत दुसऱ्याच कुणाच्या मसाल्याचं पाकीट होतं. कौसल्याबाईंनी ते पाहिलं आणि त्या बाईंचा मजला आल्यावर लिफ्टचं दार धरून ठेवलं. उन्हाळ्याच्या ऐन हंगामात ऑर्डरी आदल्या वर्षीपेक्षा कमीच राहिल्या.

मग विरार, नालासोपारा, दिवा अशा ठिकाणांहून नवी नावं येऊ लागली. मंडणगडची, दापोलीची, खेडची माणसं. एकानं लिहिलं, आमच्या आयेच्या हातची चव होती, ती गेल्यावर कुणाला जमली नव्हती. एकीनं लिहिलं, कुळीथ आमच्यात पण घालायचे, आता लाजून कोणी घालत नाही. काही माणसं मात्र कुठलीच नव्हती, म्हणजे त्यांचा त्या वाडीशी काही संबंध नव्हता. त्यांना फक्त रस्सा दाट होतो हे आवडलं. जुने आणि नवे यांची बेरीज केली तर धंदा मोठा झाला असं कुणी म्हणणार नाही. तो दुसऱ्या माणसांचा झाला.

नलूताईंनी पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा मागवला. सोबत निरोप: 'कुळीथ जरा कमी घालून दे.'

कौसल्याबाईंनी उत्तर धाडलं: 'कमी होणार नाही, ताई. हवा तर असाच.'

पलीकडून अंगठा आला आणि ऑर्डर कायम राहिली. पेजवरचा जुना शेरा तसाच होता. त्याखाली एक नवा होता, तोही नलू तुळसकरांचाच. तारे चार. 'पाकीट आता खरं बोलतं. एक तारा राखून ठेवला आहे, कारण खोबरं घातलं तर अजून बरं होईल.'

प्रितीनं तो वाचून दाखवला तेव्हा कौसल्याबाई गिरणीत निघाल्या होत्या. पायात चपला सरकवत असताना मोबाइल वाजला. ललिता होती.

"वयनी, ऑर्डर टाकली गो. या वेळी बरोबर सापडलीस. दुरूनच ओळखली." मग आवाज जरा खाली आणून ती म्हणाली, "आयचं नाव वाचलं पाकिटावर. बरं केलंस." आणि लगेच नेहमीच्या आवाजात, "पण तो फोटो बदल बाई. रडताना काढलाय. लोकांना वाटेल दादानं मारलंन."

"मिरचीनं आलंय पाणी," कौसल्याबाई म्हणाल्या. "ठेव फोन. मला तिथे जाऊन बसायचंय. गुणाजीनं मशीन चालू केलं असेल."